चिंध्यांची लोकर

सुयांवर विणलेले वस्त्र म्हणजे एकाच अखंड धाग्याचे फासे होत. शेवटचा टाका सुटला की सारे वस्त्र ओळीओळीने उकलत जाते. मागावरच्या कापडाला हे भाग्य नाही. म्हणूनच ग्वाल्हेर-इंदुराकडील थंडीत थोरल्याचा आखूड झालेला स्वेटर धाकट्याच्या अंगावर नवा होऊन येतो. उसवलेली लोकर नागमोडी असते. तिच्या लडी करून, धुऊन, खाली ओझे टांगून वाळविल्या म्हणजे ती पुन्हा सरळ होते. दुसऱ्या महायुद्धात हेच घरगुती शहाणपण ब्रिटनमध्ये सरकारी धोरण बनले. १ जून १९४१ पासून तेथे कपड्यांवर नियंत्रण आले. विणकामाच्या दोन औंस लोकरीलाही एक कुपन मोजावे लागे; घरच्या जुन्या लोकरीला अर्थातच ते लागत नसे!

परंतु धुऊन धुऊन जी लोकर बुरणुसासारखी घट्ट झाली, तिचा धागा उकलत नाही. तिचे काय करावे? या प्रश्नाचे उत्तर यॉर्कशायरमधील बॅटले गावी बेंजामिन लॉ याने इ. स. १८१३ च्या सुमारास शोधले. नेपोलियनशी चाललेल्या युद्धामुळे लोकर महाग झाली होती. लॉ याने जुने लोकरी कपडे फाडून, पिंजून त्यांचे तंतू मोकळे केले व नव्या लोकरीत मिसळून पुन्हा कातले. या मालास ‘शॉडी’ हे नाव पडले. मोजे, स्वेटर यांसारख्या मऊ विणीच्या चिंध्या त्यासाठी उत्तम ठरत. दातेरी रुळांच्या ज्या यंत्रात त्या फाडल्या जात, त्याला कामगार ‘सैतान’ म्हणत, आणि त्याच्या धुळीने येणाऱ्या तापाला शॉडीचा ताप. पाहता पाहता बॅटले व ड्यूझबरी ही गावे साऱ्या युरोपच्या चिंध्यांवर पोसली जाऊ लागली. उरलेला गाळसाळसुद्धा रूबार्बच्या शेतांत खत म्हणून जाई.

पुढे या शब्दाला बट्टा लागला. १८६१ साली अमेरिकेत यादवी सुरू झाली; तेव्हा लोभी मक्तेदारांनी सैनिकांना हलक्या शॉडीचे गणवेश पुरविले. ते अंगावरच विरू लागले आणि ‘शॉडी’ म्हणजे भिकार, असा अर्थ इंग्रजीत रूढ झाला. वस्तुतः दोष कापडाचा नव्हता. फाडलेले तंतू आखूड होतात, त्यांना नव्या लोकरीचा आधार हवा. तो चोरला गेला. गरिबांना परवडणारी ऊब मात्र याच कापडाने दिली, हे त्या शब्दात कोठेच उरले नाही.

यॉर्कशायरमधील हा धंदा विसाव्या शतकात ओसरला. आज त्याचे एक मोठे केंद्र पानिपत आहे. मराठी मनाला हे नाव १७६१ चीच आठवण देते. पण तेथील गिरण्यांत परदेशांतून आलेले जुने स्वेटर रंगवार निवडले जातात. लाल ढिगातून लाल सूत निघते, तेव्हा पुन्हा रंगविण्याचा खर्च वाचतो. या सुताची स्वस्त घोंगडी भूकंप-पुरात मदत म्हणून वाटली जातात. गुंड्या व लेबले काढण्याचे काम बहुधा स्त्रिया करतात. मेघना गुप्ता यांच्या ‘अनरॅव्हल’ या २०१२ च्या माहितीपटात त्या स्त्रिया बोलतात. जेमतेम वापरलेले इतके चांगले कपडे ते लोक टाकतात तरी का, याचा त्यांना उलगडा होत नाही. तिकडे पाणी फार महाग असावे, धुणे परवडत नसावे, असा त्यांचा तर्क आहे.