दत्तक कशासाठी घेत?

झाशीबद्दल बोललो की एक प्रश्न हमखास येतो: राजांनी दत्तक घेतलं ते गादीसाठी, पण साधी माणसं कशासाठी घेत होती?

उत्तर सरळ आहे. साध्या माणसांचीही एक गादी असायचीच. कुणाची वतनाची, कुणाची पेढीची, कुणाची नुसती चार बिघे जमिनीची. शिवाय मेल्यावर पिंड कोण देणार, ही चिंता राजाला आणि रयतेला सारखीच. जुन्या धर्मशास्त्रात दत्तकाची कारणं मुख्यतः दोन सांगितली आहेत: पिंड-पाणी आणि कुळाचं नाव चालवणं. म्हणून दत्तक मुलगाच घ्यायचा, मुलगी नाही. त्याचं गोत्र बदलायचं, आणि पुष्कळदा नावही.

विधवेने दत्तक घ्यावा की नाही, यावर प्रांतोप्रांती वेगळा कायदा होता. मिथिलेत तिला अधिकारच नव्हता. बंगालमध्ये नवऱ्याने हयातीत परवानगी दिलेली असावी लागे. मद्रासकडे सासरच्या भाऊबंदांची संमती चालत असे. आपल्या मुंबई इलाख्यात मात्र नवऱ्याने मनाई केलेली नसेल तर ती बहुधा स्वतःच्या हिमतीवर दत्तक घेऊ शकत होती. आपल्याकडच्या दत्तकांच्या गोष्टींत बायका एवढ्या ठळक दिसतात त्याचं एक कारण हेही आहे. दत्तक घेतला की दीर-पुतण्यांच्या तोंडाकडे बघत बसावं लागत नसे. मुलगा वयात येईपर्यंत घराचा कारभार तिच्या हाती राही. माझ्या मते हे कारण पिंडदानाइतकंच जुनं आहे, फक्त पोथीत लिहिलेलं नाही.

ग्वाल्हेरला हे दोनदा घडलं. 1827 मध्ये दौलतराव शिंदे निपुत्रिक वारले आणि बायजाबाईंनी नात्यातला एक मुलगा दत्तक घेतला, तो जनकोजीराव. 1843 मध्ये जनकोजीही तसेच गेले. त्यांची राणी ताराबाई स्वतःच अजून लहान, तिने घेतला तो जयाजीराव. दोन्ही वेळी दरबारात खेचाखेची झाली, पण गादी राहिली.

आता झाशी. मी बबिन्याला नोकरीत असताना सुट्टीच्या दिवशी किल्ल्यावर जात असे. जवानांना घोडा, तलवार, बुरूज यांचं फार. पण झाशीचं भांडण सुरू झालं ते एका कागदावरून. गंगाधररावांचा स्वतःचा मुलगा काही महिन्यांचा होऊन गेला होता. 20 नोव्हेंबर 1853 रोजी, अंथरुणाला खिळलेले असताना, त्यांनी नेवाळकर भाऊबंदांतल्या वासुदेवरावांचा पाचेक वर्षांचा आनंदराव दत्तक घेतला. त्याला नाव दिलं दामोदरराव, म्हणजे गेलेल्या मुलाचंच. मेजर एलिस आणि कॅप्टन मार्टिन यांच्यादेखत विधी झाला. दुसऱ्या दिवशी महाराज वारले.

डलहौसीचं म्हणणं असं, की दत्तक मुलाला खासगी मालमत्ता मिळेल, राज्य मिळणार नाही. म्हणजे घरात तो मुलगा, दरबारात कुणी नाही. हाच न्याय 1848 मध्ये साताऱ्याला लावला होता. त्याआधी 1827 मध्ये दुसऱ्या बाजीरावांनी दत्तक घेतलेल्या नानासाहेबांना 1851 नंतर आठ लाखांची पेन्शन नाकारली गेली होती. फौजी माणूस म्हणून सांगतो, इतक्या घराण्यांना एकाच कारणाने दुखवायचं हे धोरण म्हणून अडाणीपणाचं होतं. 1857 नंतर इंग्रजांना ते कळलं. 1862 मध्ये कॅनिंगने संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा दिल्या.

त्याचं फळ बडोद्याला दिसलं. मल्हाररावांना पदच्युत केल्यावर 1875 मध्ये खंडेरावांच्या विधवा जमनाबाईंनी मालेगावजवळच्या कवळाणे गावचा गोपाळराव दत्तक घेतला. बारा वर्षांचा, शेतकरी घरातला, अक्षरओळख नसलेला मुलगा. तोच सयाजीराव. पुढे त्यांनी 1906 मध्ये संस्थानभर सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण लागू केलं. कोल्हापूरला 1884 मध्ये कागलच्या घाटग्यांचा यशवंतराव दत्तक आला, तो शाहू महाराज झाला.

ही नावं आपण अभिमानाने घेतो. पण या सगळ्या कागदांत एक गोष्ट शोधून सापडत नाही: त्या मुलाला काय हवं होतं? गोपाळरावाला आई सोडून जायचं होतं का, हे विचारायची रीतच नव्हती. घराला मुलगा हवा होता. मुलाला घर हवं म्हणून दत्तक, हा विचार कायद्यात फार उशिरा शिरला. 1956 च्या हिंदू दत्तक कायद्याने मुलगी दत्तक घेता येऊ लागली, अविवाहित स्त्रीलाही हक्क मिळाला. अनाथ आणि टाकून दिलेल्या मुलांसाठी, घेणाऱ्याचा धर्म न पाहता दत्तकाची वाट बालन्याय कायद्याने उघडली, ती 2000 मध्ये. 2015 च्या कायद्यात तर मुलाचं हित पहिलं, असं स्पष्टच लिहिलं आहे. आज मूल नाही म्हणून घेणारे आहेत, एक असूनही घेणारे आहेत, एकटी बाईही घेते. भावाचा मुलगा घरातल्या घरात घेणारे आपल्या गावाकडे अजून आहेतच, आणि तिथे बहुतेक वेळा सातबारा मधे असतो.

राहिला दामोदरराव. 1858 मध्ये तो राणीबरोबर ग्वाल्हेरपर्यंत होता. ती पडल्यावर विश्वासू माणसांनी त्याला रानोमाळ सांभाळलं. राज्य गेलंच होतं, हाती राहिली ती लहानशी पेन्शन, तीही इंदूरला राहायचं या अटीवर. 1906 मध्ये तिथेच तो वारला. त्याचे वंशज आडनाव लावतात ‘झाशीवाले’.