शर्झा दरवाजावरील वाघ

बीदरच्या किल्ल्यात शिरणाऱ्याच्या नजरेस शर्झा दरवाजाच्या दर्शनी भिंतीवर कोरलेले दोन वाघ पडतात. बीदरकरांना त्यांची इतकी सवय झालेली आहे की, ते युद्धाचे रूपक होय, हे सहसा ध्यानात येत नाही.

दख्खनच्या शिल्पकाराने दरवाजावर युद्ध कोरताना माणसाला बहुधा वगळलेच. लढतात ते पशू. जंजिऱ्याच्या दरवाजावरील पशूने हत्ती धरले आहेत: पायांत आणि शेपटीतही. इ. स. १५४९ मध्ये अहमदनगरास ओतलेल्या मलिक-ए-मैदान तोफेच्या तोंडाशीही हिंस्र पशूच्या दाढेत हत्तीच सापडलेला दिसतो. हा हत्ती कोणाचा? हत्ती तर साऱ्याच फौजांत होते. निजामशाहीची ही तोफ पुढे परांड्याहून आदिलशाही विजापुरास गेली. पशू तोच राहिला, धनी तेवढा बदलला.

युरोपात प्रतीकवादी चित्रकलेच्या बहराच्या काळी, १८९४ साली, फ्रान्सच्या आंरी रूसोने आणि जर्मनीच्या फ्रांत्स फॉन स्टूकने ‘युद्ध’ याच विषयावर चित्रे काढली. एकात तलवार व मशाल घेतलेली मुलगी, दुसऱ्यात रक्ताळलेली तलवार खांद्यावर टाकलेला नग्न स्वार. काळा घोडा आणि त्याखाली प्रेतांचा खच दोहोंतही आहे. तेथे युद्ध पाहिले आहे ते पडलेल्यांच्या बाजूने. आपल्याकडील वाघ विजेत्याचा.

परंतु बीदरचा वाघ खरोखर विजेत्याचा होता काय? शर्झा दरवाजा १५०३ चा, म्हणजे महमूदशहा बहमनीच्या कारकिर्दीतला. महमूद गावानाचा वध १४८१ मध्येच होऊन राज्याचा कणा मोडला होता. अहमदनगर व विजापूर स्वतंत्रपणे वागू लागले होते, आणि बीदरमध्येही सत्ता कासीम बरीदाच्या हाती होती. सुलतानाच्या हाती काही उरले नव्हते, अशा वेळी हे वाघ दगडात उतरले! पराक्रमाच्या या खुणेत पराक्रमापेक्षा त्याची आठवणच अधिक असावी.

खरे युद्ध या किल्ल्यावर १६५७ मध्ये आले. औरंगजेबाच्या वेढ्यात दारूचा स्फोट होऊन आदिलशाही किल्लेदार सिद्दी मर्जान होरपळला, आणि त्या जखमांनीच त्याचा अंत झाला. वाघ मात्र आपल्या जागी राहिले. किल्ला आता मोगलांचा होता, आणि आत जाणाऱ्या मोगल शिपायांनाही तेच सामोरे आले.