कर्जसंकटाचें दायित्व : मुळशी पेट्याच्या निमित्तानें

मुळशीचा सत्याग्रह ता. १६ एप्रिल १९२१ रोजीं, रामनवमीच्या दिवशीं, सुरू झाला. टाटा कंपनीचें धरण, सेनापति बापट व श्री. भुसकुटे यांचें नेतृत्व या गोष्टी वाचकांस परिचित आहेत. परंतु या लढ्याच्या तळाशीं जो अर्थविषयक प्रश्न होता, त्याकडे लक्ष जावें तितकें गेलेलें नाहीं. ज्या जमिनी बुडावयाच्या होत्या, त्यांपैकीं पुष्कळ जमिनी कागदोपत्रीं त्या कसणाऱ्या मावळ्यांच्या राहिल्याच नव्हत्या. कर्जापोटीं त्या पुण्याच्या सावकारांकडे गेल्या होत्या. हें संकट कोणीं आणिलें, याचा विचार येथें कर्तव्य आहे.

या प्रश्नाची सरकारी चौकशी मुळशीच्या लढ्यापूर्वीं पंचेचाळीस वर्षें झाली. ता. १२ मे १८७५ रोजीं भीमथडी तालुक्यांतील सुपें येथें रयतेनें सावकारांचीं कर्जखतें हिसकावून जाळलीं, व तें लोण पुणें आणि अहमदनगर या जिल्ह्यांत पसरलें. पुढें नेमलेल्या कमिशननें १८७६ सालीं अहवाल दिला. कुणबी लग्नकार्यांत उधळपट्टी करितो म्हणून कर्जांत बुडतो, हा त्या काळचा रूढ समज. कमिशननें मात्र या खर्चास अवास्तव महत्त्व दिलें जातें व कर्जाचें मूळ त्यांत क्वचितच सांपडतें, असा अभिप्राय नोंदविला. रयतेवरील मुख्य आरोप येणेंप्रमाणें सरकारी चौकशींतच टिकला नाहीं.

दुसरा आरोपी सावकार. खोटीं खतें, अवाच्या सवा व्याज, जमाखर्च न दाखविणें, हे त्याचे दोष निर्विवाद आहेत. परंतु पेशवाईंतही सावकार होताच; मग खतें जाळण्याचा प्रसंग याच वेळीं कां यावा? उत्तर कायद्यांत आहे. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानें साध्या कर्जाच्या दाव्यास तीन वर्षांची मुदत घातली. हेतु ऋणकोच्या हिताचा, परिणाम उलटा. दर तीन वर्षांनीं व्याज मुद्दलांत मिळवून नवें खत लिहून घेण्याची वहिवाट पडली, आणि दिवाणी कोर्टें ऋणकोच्या गैरहजेरींत एकतर्फी हुकूमनामे देऊं लागलीं. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें (१८६१–६५) कापसाचे भाव चढले होते, तेव्हां कर्ज सहज मिळे. भाव उतरतांच सावकारांनीं हात आखडला. याच सुमारास, १८६७ पासून, फेरपाहणी होऊन इंदापूर, भीमथडी इत्यादि तालुक्यांत सारा निम्म्याहून अधिक वाढविण्यांत आला. म्हणजे बाजार, कोर्ट व सारा यांचा भार एकाच पाठीवर पडला.

त्याच मंदींत मुंबई बँक बुडाली. तिच्या चौकशींत संचालकांची हयगय व चिटणिसांचा गैरकारभार यांबरोबरच, १८६३ च्या कायद्यानें बँकेवरील निर्बंध सैल केले, हेंही कारण नमूद झालें. शहरच्या भागीदारांचा पैसा गेला तेव्हां कायद्याकडे बोट दाखविलें गेलें. कुणब्याच्या बाबतींत मात्र त्याच्या लग्नकार्यांची चर्चा आधीं झाली.

१८७९ चा दख्खन शेतकी कायदा झाला व खतामागील मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार कोर्टांस मिळाला. तरी जमिनी हस्तांतरित होण्याचें थांबलें नाहीं. मुळशींत त्याचा परिणाम शेवटीं स्पष्ट दिसला. १८९४ च्या भूसंपादन कायद्याखालीं मोबदला मुख्यतः कागदावरील मालकास मिळणार. सावकारांचा कल सहजच तो घेऊन मोकळें होण्याकडे झुकला. भात पिकविणाऱ्या कुळाच्या हातून शेत गेलें व घरही गेलें. सत्याग्रह १९२४ च्या अखेरीस संपला.

पाणिनीनें कर्त्याचें लक्षण स्वातंत्र्य हें सांगितलें आहे. क्रियेंत जो स्वतंत्र, तो कर्ता. इतर कारकें त्याच्या अधीन. दायित्वाचा निर्णय करण्यास हाच निकष आम्हांस योग्य वाटतो. सारा किती, मुदत किती, हुकूमनामा कोणत्या पुराव्यावर द्यावा, हें ठरविण्यास सरकार स्वतंत्र होतें. कर्ज द्यावें कीं न द्यावें, यांत सावकार बऱ्याच अंशीं स्वतंत्र होता. साऱ्याचा हप्ता दारांत उभा असतां खतावर अंगठा उठविणाऱ्या कुणब्यास कितीसें स्वातंत्र्य होतें? म्हणून प्रथम दायित्व कायदा करणारांचें, त्याखालोखाल सावकाराचें, व सर्वांत अल्प रयतेचें, असें आमचें मत आहे. हानीचा क्रम मात्र नेमका याच्या उलट लागला.