विद्युत मोटारीतील फोनजोडणी व इन्फोटेनमेंट

डॅशबोर्डवरची टचस्क्रीन, तिच्यामागचा संगणक, गाडीत बसवलेले सिम आणि चालकाचा स्मार्टफोन यांची मिळून होणारी व्यवस्था. गाणी, फोन, नकाशा, मागचा कॅमेरा ही तिची कामे पेट्रोलच्या गाडीतही असतात. विद्युत मोटारीत आणखी एक काम तिच्याकडे येते आणि तेच सर्वांत मोलाचे आहे : बॅटरीत किती चार्ज उरला, तेवढ्यात कुठवर पोचता येईल आणि वाटेत कुठे थांबून चार्ज करावे लागेल, हे चालकाला वेळेत सांगणे. पेट्रोलपंप जागोजागी असल्याने पेट्रोलच्या गाडीत इंधनाचा काटा पुरतो. विद्युत मोटारीचा (ईव्हीचा) प्रवास मात्र आखून करावा लागतो, आणि ती आखणी या स्क्रीनवर किंवा खिशातल्या फोनवर होते. म्हणून स्क्रीन किती इंची आणि स्पीकर किती, यापेक्षा स्क्रीनला आणि फोनला बॅटरीची खरी स्थिती कळते की नाही, यावरूनच या व्यवस्थेची पारख करायला हवी.

रचना : स्क्रीनमागच्या संगणकाला हेड युनिट म्हणतात. मोटर, बॅटरी, ब्रेक, एसी यांचे नियंत्रण करणारे छोटे संगणक गाडीत वेगवेगळ्या ठिकाणी असतात आणि ते कॅन या संदेशवाहिनीवरून एकमेकांशी बोलतात. बॉश कंपनीने ही वाहिनी १९८६ मध्ये पुढे आणली. बॅटरीचे तापमान, व्होल्टेज आणि उरलेला चार्ज यांचा हिशेब बॅटरी व्यवस्थापन यंत्रणा ठेवते आणि स्क्रीनवर दिसणारे टक्के तिच्याकडूनच येतात. हेड युनिट आणि ब्रेकसारख्या जोखमीच्या भागांच्या मध्ये गेटवे हा पहारेकरी असतो. ठरलेले संदेशच तो पुढे जाऊ देतो, म्हणजे गाण्यांच्या अ‍ॅपमधला बिघाड ब्रेकपर्यंत पोचत नाही.

ही सगळी इलेक्ट्रॉनिक्स मुख्य बॅटरीवर थेट चालत नाही. या इलेक्ट्रॉनिक्ससाठी १२ व्होल्टची वेगळी छोटी बॅटरी असते. ती उतरली तर मुख्य बॅटरी भरलेली असूनही गाडी सुरू होत नाही. मोठ्या स्क्रीनने रेंज कमी होते, अशी शंका पुष्कळांना असते. स्क्रीन आणि संगणक मिळून ५० वॅट घेतात असे धरले, तर पाच तासांच्या प्रवासात पाव युनिट वीज लागते. ३० युनिटच्या बॅटरीत हे एक टक्काही होत नाही. एसीचा खर्च याच्या कित्येक पट असतो.

फोन जोडण्याचे दोन प्रकार : हे दोन प्रकार एकच समजले जातात, म्हणून वेगळे सांगणे जरूर आहे.

पहिला प्रकार फोनचे दृश्य गाडीच्या स्क्रीनवर आणण्याचा. अ‍ॅपल कारप्ले आणि अँड्रॉइड ऑटो ही त्याची प्रचलित रूपे. यात नकाशा, गाणी आणि संदेश फोनमध्येच चालतात. फोन तयार चित्र व्हिडिओच्या रूपात स्क्रीनकडे पाठवतो आणि बोट कुठे टेकले ते स्क्रीन फोनला कळवते. इंटरनेट फोनचे, डेटा पॅक फोनचा, गाडीचे फक्त काच आणि स्पीकर. केबलने जोडल्यास सारे यूएसबीतून जाते. बिनतारी जोडणीत ब्लूटूथ दोघांची ओळख करून देते आणि पुढे चित्राचा भार वायफाय उचलते. बिनतारी जोडणी सोयीची असली, तरी तिच्यात फोन तापतो. विदर्भात किंवा छत्तीसगडमध्ये मे महिन्यात तो वायरलेस चार्जिंगच्या पॅडवर ठेवून नकाशा चालवला, तर तापलेला फोन चार्ज घेणे थांबवतो आणि कधी जोडणीही तुटते. लांबच्या उन्हाळी प्रवासात चांगली केबलच बरी. ती डेटा वाहून नेणारी हवी. नुसत्या चार्जिंगच्या केबलने फोन चार्ज होतो, पण गाडीला दिसत नाही.

दुसरा प्रकार कंपनीच्या अ‍ॅपचा. यात फोन गाडीशी थेट बोलत नाही. फोनवर दिलेली आज्ञा कंपनीच्या सर्व्हरकडे जाते, तिथून मोबाइल नेटवर्कवरून गाडीतल्या सिम असलेल्या टेलिमॅटिक्स पेटीकडे आणि मग गाडीतल्या यंत्रणेकडे. चार्ज पाहणे, दारे लावणे, गाडी कुठे उभी आहे ते शोधणे, निघण्याआधी एसी लावणे ही कामे अशी होतात. शेवटचे काम आपल्याकडे फार उपयोगाचे आहे. चार्जर लावलेला असताना गाडी आधीच थंड करून घेतली, तर ती वीज बहुतेक घरच्या जोडणीतून येते आणि बॅटरी प्रवासासाठी शिल्लक राहते. या साखळीतला एकही दुवा तुटला तर आज्ञा पोचत नाही. तळघरातल्या पार्किंगमध्ये किंवा जंगलातल्या रस्त्यावर नेटवर्क नसेल, तर अ‍ॅपने दार उघडणार नाही. किल्ली किंवा दाराला टेकवायचे एनएफसी कार्ड नेटवर्कविना चालते, ते जवळ असावे.

बॅटरी आणि नकाशा : गाडी किती किलोमीटर जाईल याचा आकडा यंत्रणा प्रामुख्याने अलीकडच्या प्रवासाच्या सरासरीवरून काढते. सपाट रस्त्यावर तो बराच खरा ठरतो, घाटात चुकतो. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गाचेच उदाहरण घ्या. खोपोलीपासून लोणावळ्यापर्यंत सुमारे ५५० मीटरची चढण आहे. माणसांसह १,६०० किलो वजनाची गाडी तेवढी उंच नेण्यासाठी, वारा आणि टायरच्या घर्षणाचा खर्च सोडून, सुमारे २.४ युनिट वीज लागते. ३०.२ युनिटच्या बॅटरीतले हे आठ टक्के आहेत आणि ते थोड्याच किलोमीटरांत जातात. उलट दिशेने उतरताना मोटर जनित्रासारखी चालते आणि यातला बराच भाग परत मिळतो. ज्या नकाशाला रस्त्याची उंची आणि बॅटरीची स्थिती दोन्ही कळतात, तो हे आधी सांगू शकतो. ज्याला फक्त अंतर कळते, तो चालकाला घाटाच्या पायथ्याशी निर्धास्त करतो आणि माथ्यावर चिंतेत टाकतो.

गोम अशी की फोनमधल्या नकाशाला बॅटरी आपोआप दिसत नाही. गाडीच्या कंपनीने ती माहिती फोनला द्यावी लागते. अ‍ॅपलने २०२० मध्ये आयओएस १४ मध्ये चार्जिंगचे थांबे धरून मार्ग आखण्याची सोय आणली आणि गूगलने २०२४ मध्ये अँड्रॉइड ऑटोवर फोर्डच्या विद्युत गाड्यांपासून तशी सुरुवात केली. पण अशी देवाणघेवाण ठरावीक मॉडेलांपुरतीच आहे. बाकीच्या गाड्यांत चालक एका स्क्रीनवर टक्के पाहतो, दुसऱ्या अ‍ॅपमध्ये चार्जर शोधतो, तिसऱ्या अ‍ॅपमधून पैसे भरतो आणि बेरीज डोक्यात करतो. तारेविना गाणी वाजवणाऱ्या गाडीने बॅटरीचा साधा आकडा फोनला न देणे, ही या क्षेत्रातली आजची सर्वांत मोठी उणीव आहे.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी कुटुंबांना ही उणीव विशेष जाणवते. रायपूरला महाराष्ट्र मंडळासारखी जुनी संस्था असलेला मराठी समाज आहे आणि नागपूर–रायपूर ये-जा नात्यागोत्याची आहे. नागपूरहून भंडारा, राजनांदगाव, दुर्ग करत रायपूर आणि तिथून दक्षिणेला धमतरीच्या रस्त्यावर अभनपूर, हे अंतर ३०० किमीहून थोडे अधिक भरते. २०२४ मध्ये आलेल्या ४५ युनिटच्या नेक्सॉनसारख्या गाडीला महामार्गाच्या वेगाने, एसी लावून, हे अंतर एका चार्जमध्ये कापणे जिकिरीचे आहे. वाटेत एकदा थांबावेच लागते, आणि कुठे थांबायचे ते नागपूर सोडण्याआधी ठरवणे शहाणपणाचे. अभनपूरच्या पुढे प्रश्न बदलतो. तिथून जुना रस्ता धमतरी, कांकेर, केशकालचा घाट या वाटेने बस्तरात जातो आणि रायपूर–विशाखापट्टणम हा सुमारे ४६५ किमीचा सहापदरी मार्गही अभनपूरजवळूनच सुरू होतो. या पट्ट्यात जंगल मोठे आहे. उपग्रहाकडून जागा कळण्यासाठी मोबाइल नेटवर्क लागत नाही, त्यामुळे फोनमध्ये आधी उतरवून ठेवलेला नकाशा तिथेही चालतो. चार्जर रिकामा आहे की बंद, ही ताजी माहिती मात्र नेटवर्कशिवाय येत नाही. अशा वाटेवर पुढचा चार्जर बंद निघाला तरी त्यापुढच्या चार्जरपर्यंत पोचता येईल, इतका साठा राखून निघावे.

इतिहास : फोन आणि गाडीची स्क्रीन जोडण्याचा सामाईक प्रयत्न २०११ च्या सुमारास मिररलिंकने झाला. कारप्ले मार्च २०१४ मध्ये जिनिव्हाच्या मोटार प्रदर्शनात आले. अँड्रॉइड ऑटो त्याच वर्षी जूनमध्ये जाहीर झाले आणि २०१५ मध्ये गाड्यांत दाखल झाले. त्याआधी २०१२ मध्ये टेस्लाच्या मॉडेल एसने १७ इंची उभी स्क्रीन बसवून बहुतेक बटणे तिच्यात घातली होती. पुढे जगभर त्याचे अनुकरण झाले, दुर्दैवाने त्यातल्या दोषांसकट.

भारतात फोनशी जोडलेली पहिली लक्षणीय विद्युत मोटार म्हणजे बंगळूरला तयार झालेली महिंद्रा ई२ओ (मार्च २०१३). फोनवरून एसी लावणे, दारे बंद करणे, चार्ज पाहणे तीत जमत होते. चार्ज संपत आला, तर राखून ठेवलेल्या साठ्यातले काही किलोमीटर दुरून मोकळे करून देण्याची सोयही होती. गाडी छोटी होती आणि फार खपली नाही, पण फोनचा उपयोग करमणुकीपेक्षा बॅटरीसाठी करायचा, हे तिच्या कर्त्यांना अचूक उमगले होते.

त्यानंतरचा पुष्कळसा इतिहास पुणे जिल्ह्यात घडला. टाटांची नेक्सॉन ईव्ही २८ जानेवारी २०२० रोजी बाजारात आली. ती रांजणगावला तयार होई. हार्मन कंपनीची ७ इंची स्क्रीन आणि झेडकनेक्ट हे अ‍ॅप तिच्यासोबत होते. सप्टेंबर २०२३ च्या नव्या आवृत्तीत वरच्या प्रकारांत स्क्रीन १२.३ इंचांची झाली आणि चार्जिंगला थांबल्यावर व्हिडिओ पाहण्याची सोय आली. जून २०२५ च्या हॅरियर ईव्हीत ती १४.५ इंचांपर्यंत गेली. महिंद्राने २६ नोव्हेंबर २०२४ रोजी सादर केलेल्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई चाकणला बनतात. एक्सईव्ही ९ईमध्ये डॅशबोर्डच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत १२.३ इंचांच्या तीन स्क्रीन आहेत. स्क्रीन पुरवणाऱ्या हार्मनचा कारखानाही चाकणलाच आहे. ही कंपनी २०१७ पासून सॅमसंगकडे आहे. १९९० मध्ये रवी पंडित आणि किशोर पाटील यांनी उभी केलेली पुण्याची केपीआयटी देशी-परदेशी वाहन कंपन्यांसाठी सॉफ्टवेअर लिहिते. वाहनांच्या चाचण्या घेणारी एआरएआय ही संस्था १९६६ पासून पुण्यात आहे. म्हणजे स्क्रीन, तिच्यामागची आज्ञावली, गाडी आणि चाचणी हे सारे एका जिल्ह्यात होते. असे असताना मराठीतून बोलून चालणाऱ्या गाड्या सर्रास असायला हव्या होत्या. टाटांच्या अलीकडच्या गाड्यांत मराठीतून आज्ञा देता येतात, ही सुरुवात स्वागतार्ह आहे.

फोन की गाडी : स्क्रीनवर हक्क कोणाचा, याचा वाद चालू आहे. टेस्ला कारप्ले आणि अँड्रॉइड ऑटो दोन्ही देत नाही. मुंबईच्या वांद्रे–कुर्ला संकुलात १५ जुलै २०२५ रोजी दालन उघडून ती भारतात आली, ती याच धोरणासह. अमेरिकेतल्या जनरल मोटर्सने २०२३ मध्ये आपल्या नव्या विद्युत गाड्यांतून फोनचे प्रक्षेपण, म्हणजे फोनचे दृश्य स्क्रीनवर आणण्याची सोय, काढण्याचे जाहीर केले. गाडीतच बसवलेला नकाशा बॅटरी पाहू शकतो आणि जलद चार्जरकडे निघताना बॅटरीचे तापमान आधीच योग्य करून ठेवू शकतो, हा त्यांचा मुद्दा खरा आहे. मात्र वयाचा मुद्दा त्यात सुटतो. फोन तीन-चार वर्षांत बदलतो, गाडी दहा-बारा वर्षे चालते. गाडीतला संगणक जुना झाला, जोडसेवेची मुदत संपली किंवा मोबाइलची जुनी पिढी बंद पडली, तरी प्रक्षेपणाची सोय असलेली गाडी मालकाच्या नव्या फोनमुळे कामाची राहते. भारतीय ग्राहकासाठी दोन्ही हवे : आतला नकाशा बॅटरी जाणणारा आणि फोनलाही दार उघडे.

सुरक्षितता आणि कायदा : रस्त्यावरची नजर काढून स्क्रीनवर एसीचे चिन्ह शोधणे धोक्याचे आहे. गाड्यांची सुरक्षितता तपासून तारे देणाऱ्या युरो एनकॅपने २०२६ पासून पूर्ण तारांकनासाठी दिशादर्शक, धोक्याचे दिवे, हॉर्न, वायपर आणि आपत्कालीन मदत यांना हाताला लागणारी नियंत्रणे असण्याची अट घातली, हे योग्यच झाले. भारतात गाडी चालवताना हातात धरलेला फोन वापरणे २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली धोकादायक वाहनचालनात मोडते. ऑक्टोबर २०२० पासूनच्या नियमांनुसार, लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने केवळ मार्ग पाहण्यापुरती मुभा आहे. पत्ता गाडी उभी असताना टाकावा, म्हणजे वाद राहत नाही.

खाजगीपणा : जोडलेली गाडी मालकाचा ठावठिकाणा, वेग आणि चार्जिंगच्या वेळा कंपनीकडे पाठवू शकते. व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा भारतात २०२३ मध्ये झाला. व्यवहारात सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते जुनी गाडी विकताना. हेड युनिटमध्ये फोनबुक, घराचा पत्ता आणि आधीचे प्रवास साठलेले असतात, ते पुसून स्क्रीन मूळ स्थितीला आणावी लागते. त्याहून गंभीर बाब कंपनीच्या अ‍ॅपची. कागदपत्रांवर नाव बदलले तरी अ‍ॅपवरचे खाते आपोआप बदलेलच असे नाही. जुन्या मालकाचे खाते कायम राहिले, तर ती गाडी कुठे आहे हे त्याला दिसत राहते आणि तिची दारेही तो उघडू शकतो. म्हणून विकत घेणाऱ्याने पैसे देण्याआधी विक्रेत्याच्या फोनवरून गाडी आपल्यासमोर काढून टाकायला लावावी, आपल्या नावाने नवी नोंदणी करावी आणि किल्ल्यांबरोबर एनएफसी कार्डेही मोजून घ्यावीत.