उक्त्या सौद्याचं तिकीट

आमच्या पांढुर्णा-सौंसरकडे संत्र्याचा बगिचा उभ्या झाडांवर विकला जातो. आंबिया बहाराची फळं अजून हिरवी असतात. व्यापारी ओळीओळीनं फिरतो, झाडाखाली थांबून वर बघतो, मनात अंदाज बांधतो आणि इसार देऊन अख्खा बगिचा उक्ता घेतो. पुढं गळ झाली, गारा पडल्या किंवा भाव चढला, ते त्याचं नशीब. परदेशी विमानाच्या स्वस्त तिकिटाचं कूळ शोधत गेलं की शेवटी अशाच उक्त्या सौद्यापाशी येऊन थांबावं लागतं.

विमानातली खुर्ची संत्र्यापेक्षाही नाशवंत. तोडलेलं फळ चार दिवस तरी टिकतं. विमानाचं दार लागलं की रिकाम्या खुर्चीचं मोल शून्य. तरीही कंपन्यांना उघडपणे भाव पाडता येत नव्हता. 1945 साली हवाना इथं ‘आयटा’ ही विमान कंपन्यांची संघटना स्थापन झाली आणि पुढची कित्येक वर्षं आंतरराष्ट्रीय भाडी तिच्या बैठकांतच ठरत, सरकारं त्यावर मोहर उमटवत. 1970 साली जम्बो जेट आलं. एका फेरीत साडेतीनशेच्या वर खुर्च्या, आणि त्या भरायच्या कशा, हा प्रश्न उभा राहिला. मग माल मागच्या दारानं निघू लागला. कंपन्या खुर्च्यांचे गठ्ठेच्या गठ्ठे ठरावीक दलालांना कमी भावात देत आणि दलाल त्या छापील भाड्यापेक्षा स्वस्तात विकत.

लंडनमध्ये अशा दुकानांना ‘बकेट शॉप’ म्हणत. शब्द मूळचा विमानांचा नव्हेच. गुत्त्यांच्या पिंपांत उरलेली दारू बादलीत गोळा करून प्यायची जागा, असा त्याचा उगम सांगतात. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत तो शेअर आणि धान्याच्या भावांवर पैजा लावणाऱ्या दुकानांना चिकटला आणि तिथून तिकिटांच्या दुकानांवर आला. नाव हलकं, पण माझ्या मनात त्या दुकानांबद्दल आदर आहे. मायदेशापासून हजारो मैल दूर राबणाऱ्या माणसाला आईला भेटायला जाणं परवडलं, ते त्यांच्यामुळे.

26 सप्टेंबर 1977 रोजी फ्रेडी लेकर या विमान कंपनीच्या मालकांनी स्वस्त तिकिटाचं हे काम पुढच्या दारानं करून दाखवलं. लंडन ते न्यूयॉर्क, एका बाजूचे 59 पौंड, आगाऊ आरक्षण नाही, रांगेत उभं राहा आणि बसा. फेब्रुवारी 1982 मध्ये त्यांची कंपनी बुडाली. पण स्वस्तात समुद्र ओलांडता येतो, हे लोकांनी पाहिलं होतं.

दुकानाची वेबसाइट झाली ती संगणकामुळे. अमेरिकन एअरलाइन्स आणि आयबीएम यांची ‘सेबर’ ही आरक्षणयंत्रणा 1960 च्या दशकात कामाला लागली. तिच्याच पोटी 1996 साली ‘ट्रॅव्हलोसिटी’ जन्मली. आपल्याकडच्या ‘मेकमायट्रिप’ची सुरुवात तर मला फार जवळची वाटते. 2000 साली दीप कालरा यांनी ती उभी केली ती अमेरिकेतून भारतात येणाऱ्या आपल्या लोकांना तिकिटं विकण्यासाठी. भारतातलं गिऱ्हाईक तिनं 2005 साली धरलं. म्हणजे इथंही पहिलं गिऱ्हाईक घरची ओढ लागलेलं माणूसच.

आता नागपूर विमानतळ आम्हाला दोन-अडीच तासांवर. तिथून शारजा आणि दोह्याला विमानं जाऊ लागली, तशी इकडची माणसंही मोबाइलवर भाडी चाळायला लागली. सौंसरच्या एका काकूंना लेकीच्या बाळंतपणासाठी जर्मनीला जायचं होतं. रात्री जेवणं झाल्यावर आम्ही तिकीट शोधायला बसलो. सगळ्यात वर दिसलं ते इतरांपेक्षा आठ हजारांनी स्वस्त. उघडून पाहिलं तर दोन वेगळी तिकिटं जोडलेली: नागपूर-मुंबई एक, मुंबई-फ्रँकफर्ट दुसरं. पीएनआर, म्हणजे आरक्षण क्रमांक, दोन. पहिलं विमान उशिरा आलं तर दुसरी कंपनी थांबणार नाही, पैसेही परत देणार नाही. मुंबईत बॅग आपणच उचलायची, पुन्हा रांगेत लागून आपणच द्यायची. शिवाय त्या भावात बॅगेचे पैसे धरलेलेच नव्हते.

काका शांतपणे ऐकत होते. तीस वर्षं बगिचे विकलेला माणूस. म्हणाले, “म्हणजे तोडणी आपली, गाडीभाडं आपलं, आणि मंडीत पोचायला उशीर झाला तर नुकसानही आपलंच. असा सौदा करायचा नाही.”

एकाच पीएनआरवरचं, नागपुरात दिलेली बॅग थेट फ्रँकफर्टला मिळणारं तिकीट घेतलं. थोडं महाग पडलं, पण काकूंना इंग्रजी येत नाही आणि प्रवास एकटीचा.

निघायच्या आदल्या संध्याकाळी संत्री तोलायच्या काट्यावर बॅग ठेवली. मर्यादा 23 किलो, काटा साडेचोवीसवर. काकूंनी बॅग उघडली, स्वतःची शाल आणि दोन जाड स्वेटर बाहेर काढले, डिंकाच्या लाडवांचा डबा कपड्यांत नीट गुंडाळून मधोमध ठेवला आणि म्हणाल्या, “आता पाहा.”