मध्यरात्रीची डाक आणि सोनेगावचे माळरान

सोनेगावच्या ज्या भूमीवर मालवाहतुकीचे आंतरराष्ट्रीय केंद्र उभारण्याचा संकल्प शासनाने ‘मिहान’ या नावाने सोडला, त्याच भूमीवर पाऊणशे वर्षांपूर्वी, बहुतेक नागपूरकर गाढ निद्रेत असताना, एक विलक्षण देवघेव नित्य पार पडत असे, याची वार्ता वर्धा मार्गावरील आमच्या नव्या वसाहतींना फारशी नाही.

30 जानेवारी 1949 रोजी, रफी अहमद किडवाई दळणवळणमंत्री असताना, रात्रीच्या हवाई टपालाची सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता व मद्रास येथून रात्री निघालेली विमाने देशाच्या मध्यभागी म्हणून नागपुरास एकत्र येत, थैल्यांची अदलाबदल करीत आणि उजाडण्याच्या सुमारास आपापल्या ठिकाणी परतत. त्याच वर्षीच्या एप्रिलपासून देशांतर्गत पत्रे जादा हवाई आकार न घेता विमानाने जाऊ लागली, तेव्हा मुंबईच्या पेढीवाल्याने सायंकाळी टाकलेले पत्र कलकत्त्याच्या आडतदारास दुसऱ्या दिवशी मिळणे ही नवलाची गोष्ट राहिली नाही. चार दिशांनी आलेली डाकोटा विमाने, मोहरबंद थैल्या, मद्रासची थैली दिल्लीच्या विमानात आणि दिल्लीची कलकत्त्याच्या विमानात पोहोचविणारी हमालांची लगबग, आणि हे सर्व थोडक्या अवधीत. कारण एका विमानास विलंब झाला की उरलेली तिन्ही खोळंबत. टपाल नागपुरास येई, पण त्यातले फारच थोडे नागपुरासाठी असे.

या सेवेचे पोवाडे गाणाऱ्यांना 1953 सालच्या 12 डिसेंबरचे विस्मरण होते. त्या रात्री मद्रासकडे निघालेले डाकोटा उड्डाण करताच कोसळले आणि त्यातील 13 जण प्राणास मुकले. पुढे विमाने वेगवान झाली, महानगरे परस्परांशी थेट जोडली गेली आणि सत्तरीच्या दशकात ही सेवा बंद पडली. मध्यवर्तित्व ही नागपूरची शाश्वत मिळकत आहे असे जे आज पुनःपुन्हा सांगितले जाते, त्यावर माझा विश्वास बसत नाही तो याच कारणाने. विमानास वाटेत थांबण्याची गरज असेतोवरच मध्यबिंदूस किंमत. ती गरज सरली की उरते ते माळरान.

आणि ते माळरान कोणाचे होते, हेही पाहिले पाहिजे. भोसल्यांचे राज्य 1854 मध्ये खालसा झाल्यानंतर इंग्रजांनी या मुलखात मालगुजारीची पद्धत कायम केली. गावचा सारा मालगुजाराने भरावा आणि कास्तकाराने त्याच्या मर्जीने नांगर धरावा, असा तो सिरस्ता. 1951 मध्ये मालगुजारी रद्द झाली आणि ज्याच्या पूर्वजांनी मालगुजाराच्या वाड्यापुढे पागोटे उतरविले, त्याच्या नावाची नोंद अखेर पटवाऱ्याच्या दप्तरात झाली. त्यास पुरती दोन पिढ्यांची निश्चिती लाभते न लाभते तोच 2002 मध्ये ‘मिहान’साठी महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी स्थापन झाली, आणि शिवणगाव, चिंचभवन, खापरी, तेल्हारा, कलकुही, दहेगाव या मौजांत भूसंपादनाच्या नोटिसा फिरू लागल्या. आधार 1894 च्या कायद्याचा, म्हणजे मालगुजारीच्याच काळातला. त्यातील ‘सार्वजनिक प्रयोजन’ या दोन शब्दांत काय मावत नाही, हे सांगणे कठीण!

विरोधासाठी विरोध करण्याची माझी वृत्ती नाही. संत्र्याच्या व कापसाच्या या प्रदेशास मालाची त्वरित ने-आण हवी, हे मी मान्य करतो. परंतु मालवाहू विमान स्वभावतःच निशाचर असते. दिवसा गोळा झालेला माल रात्री हलतो आणि सकाळी पोहोचतो, ही व्यवस्था डाकोटांच्या काळापासून बदललेली नाही. त्या वेळी धावपट्टीभोवती शेते होती, आज हजारो घरे आहेत. दुसरी धावपट्टी झाली तर रात्रीची उड्डाणे किती असतील, ती कोणत्या वस्तीवरून जातील, याचा तक्ता काम सुरू होण्यापूर्वी ग्रामपंचायतीत आणि महापालिकेच्या झोन कार्यालयात लावला जावा. आणि शिवणगावच्या ज्या कुटुंबांना नव्या जागी जावे लागेल, त्यांच्या भूखंडाच्या मोजणीत घराबरोबर गोठाही धरला जावा, कारण दुभती जनावरे दुसऱ्या मजल्यावर बांधता येत नाहीत. मोबदल्याच्या रकमेवर घासाघीस पुष्कळ झाली आहे. या दोन मुद्द्यांवर लेखी उत्तर मागणारा अर्ज मात्र आम्हा रहिवाशांनीच करावयाचा आहे.