अक्षरजुळणीचा जुना संगणक आणि मराठी संहिता

मराठी ग्रंथव्यवहाराचा इतिहास सांगताना आपण लेखक, प्रकाशक, संपादक आणि वाचक यांचा विचार करतो. ज्या यंत्रावर संहिता घडते त्याचा विचार मात्र खिळ्यांच्या काळापाशी येऊन थांबतो. गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये शिळाप्रेसवर छापलेले पंचांग, जावजी दादाजींनी १८६९ मध्ये काढलेला निर्णयसागर छापखाना, त्याच्या टंकांचे वळण, पुढे आलेली यांत्रिक जुळणी, हे सारे आपण वर्गात शिकवतो. त्यानंतर एकदम 'संगणक आला' असे एक वाक्य येते आणि प्रकरण संपते. १९९० नंतरच्या सुमारे वीस वर्षांत मराठी पुस्तके, दिवाळी अंक, नियतकालिके आणि प्रबंध नेमके कशावर जुळवले गेले, त्या संहितांचे पुढे काय झाले, हे प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाला आपले वाटत नाहीत. ते आपलेच आहेत, असे आमचे म्हणणे आहे. आणि त्यांच्याकडे जाणारी वाट अक्षरजुळणीच्या दुकानात कोपऱ्यात ठेवलेल्या एका जुन्या संगणकावरून जाते.

असा संगणक आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. पुढच्या टेबलावर नवे यंत्र असते, त्यावर रोजचे काम चालते. मागे, धूळ बसू नये म्हणून कापड टाकलेले दुसरे यंत्र असते. त्यावर विंडोज ९८ किंवा विंडोज एक्सपी असते. या दोन्ही प्रणालींना त्यांच्या निर्मात्यांनी केव्हाच निरोप दिला आहे. पहिलीचा अधिकृत आधार जुलै २००६ मध्ये संपला, दुसरीचा एप्रिल २०१४ मध्ये. हे यंत्र इंटरनेटला जोडलेले नसते. ते ठेवले आहे ते जुन्या फायली उघडण्यासाठी. मालकाला जुन्या वस्तूंचा षोक आहे म्हणून ते टिकलेले नाही. ते बंद पडले तर पंधरा-वीस वर्षांचे काम बंद पडेल म्हणून ते टिकलेले आहे.

असे का व्हावे, हे समजण्यासाठी थोडे तांत्रिक विवेचन आवश्यक आहे. संगणक अक्षर साठवत नाही, अक्षराचा क्रमांक साठवतो. त्या काळातील सामान्य फाँटमध्ये २५६ जागा असत आणि त्या रोमन लिपी गृहीत धरून आखलेल्या होत्या. देवनागरीचे फाँट बनवणाऱ्यांनी याच जागांवर आपली अक्षरे, अर्धी अक्षरे, काने, मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरांचे तुकडे बसवले. संगणकाच्या लेखी मजकूर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचाच राही. डोळ्यांना तो मराठी दिसे. कोणत्या जागी काय बसवायचे याचा निर्णय प्रत्येक कंपनीने आपापला घेतला. म्हणून एका फाँटमधील मजकुराला दुसरा फाँट लावला की वाक्याचा चुराडा होतो, आणि कोणताच देवनागरी फाँट नसेल तर पानभर निरर्थक रोमन अक्षरे दिसतात. संहिता असते, ती वाचण्याची किल्ली मात्र त्या विशिष्ट फाँटमध्ये असते.

येथे असा आक्षेप येईल की प्रमाणीकरणाचे प्रयत्न तेव्हाही होते. ते होते, आणि त्यांतील महत्त्वाचा भाग महाराष्ट्रातच घडला. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले जिस्ट तंत्रज्ञान पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढले. भारतीय लिपींसाठी 'इस्की' हे मानक १९९१ मध्ये निश्चित झाले. त्यात दृश्य तुकड्यांऐवजी वर्ण साठवण्याचे तत्त्व होते. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि तिच्यातील देवनागरीची मांडणी इस्कीच्याच आधीच्या रूपावर आधारलेली होती. विंडोज २००० पासून ही मांडणी सामान्य संगणकावर चालू लागली. तिच्यासोबत आलेला 'मंगल' हा फाँट कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवलेला होता. म्हणजे लेखकाला युनिकोडमध्ये लिहिण्याची सोय नव्या शतकाच्या आरंभीच उपलब्ध झाली होती.

परंतु पुस्तक लेखकाच्या टेबलावर छापले जात नाही. छपाईच्या जगात तेव्हा पेजमेकरचे राज्य होते. आल्डस कंपनीने १९८५ मध्ये आणलेले आणि पुढे ॲडोबीकडे गेलेले हे सॉफ्टवेअर २००१ च्या सातव्या आवृत्तीपर्यंत आले, तरी त्याला युनिकोड समजत नव्हते. त्याची जागा घेणाऱ्या इन्डिझाइनमध्ये भारतीय लिपींची जुळणी नीट होण्याची सोय २०१२ च्या सीएस६ आवृत्तीत आली. या मधल्या काळात अक्षरजुळणी करणाऱ्याने जुन्या फाँटना चिकटून राहणे हा आळस नव्हता, अज्ञानही नव्हते. त्याच्यापुढे दुसरा व्यवहार्य मार्गच नव्हता. आपल्या साहित्यिक चर्चांत 'प्रकाशक युनिकोड वापरत नाहीत' अशी तक्रार त्या काळात वारंवार होत असे. तिच्यात हा भाग सहसा नसे.

जुना फाँट हवा तर जुने सॉफ्टवेअर हवे, ते चालायला जुनी प्रणाली हवी, आणि ती प्रणाली चालायला तिच्या वयाचे यंत्र हवे. काही सॉफ्टवेअरना संगणकाच्या मागे, प्रिंटरच्या पोर्टला बसवायचे 'लॉक' असे. ते नसेल तर सॉफ्टवेअर सुरूच होत नसे. आजच्या यंत्रांना ते पोर्टच नसते. त्यामुळे नव्या यंत्रात जुन्या यंत्राचा आभास निर्माण करण्याचा जो उपाय इतरत्र चालतो तो येथे अनेकदा अडतो. या साखळीतील कोणतीही एक कडी तुटली की संहिता मुकी होते.

ती कडी तुटू न देण्याचे काम कोण करते? बहुतेक वेळा ज्याच्याकडे संगणकशास्त्राची पदवी नाही असा माणूस. आयटीआयमध्ये रेडिओ आणि टीव्ही दुरुस्तीचा अभ्यासक्रम करून रेडिओपासून टीव्हीकडे आणि टीव्हीपासून संगणकाकडे आलेल्या कारागिरांची एक पिढी आपल्याकडे आहे. त्यांचे ज्ञान हातात असते. रॅम सैल झाली तर तिची टोके खोडरबराने पुसून पुन्हा बसवायची, हे त्यांना पुस्तकात सापडलेले नसते. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला की संगणक तारीख विसरतो. तो सेल आजही सहज मिळतो. कपॅसिटरचे दुखणे मोठे. १९९९ नंतरच्या काही वर्षांत जगभर सदोष रसायन भरलेले कपॅसिटर बाजारात आले आणि त्या काळातील असंख्य मदरबोर्ड त्यांच्या डोक्यांवर फुगवटे येऊन बंद पडले. फुगलेला कपॅसिटर काढून त्याच मापाचा नवा डागायचा, हा त्यावरचा इलाज. जुन्या जोडणीची हार्ड डिस्क मिळेनाशी झाली तर कॅमेऱ्यातील कार्ड रूपांतरकाने जोडून तिचे काम करून घ्यायचे. सुटे भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा जुन्या बाजारात धुंडाळायचे. न मिळाल्यास भंगारात निघालेल्या दुसऱ्या यंत्रातून काढायचे. एका यंत्राच्या आयुष्यासाठी दुसऱ्या दोन यंत्रांचे अवयव वापरले जातात.

हे सारे साहित्याच्या दृष्टीने का महत्त्वाचे, याचे एक उदाहरण आमच्या पाहण्यातले आहे. ग्रामीण बोलीत लिहिणाऱ्या एका दिवंगत लेखकाच्या कथासंग्रहाची नवी आवृत्ती काढायची होती. जुनी फाइल उघडेना, म्हणून छापील प्रतीवरून मजकूर पुन्हा टंकित करून घेण्यात आला. टंकलेखक चांगला होता, शुद्धलेखनाचा जाणकार होता, आणि नेमकी तीच अडचण झाली. 'व्हतं'चे कुठे 'होतं' झाले, 'न्हाई'चे 'नाही' झाले. सानुनासिक उच्चार दाखवणारे अनुस्वार चुकीचे समजून गाळले गेले. त्याने हे हेतुपूर्वक केले नव्हते. सवयीच्या बोटांनी केले होते. मुद्रिते तपासताना हे ध्यानात आले तेव्हा मूळ जुळणी करणाऱ्याचा शोध घेतला गेला. त्याचा संगणक बंद होता. एका कारागिराने त्याचा वीजपुरवठा दुरुस्त केला, चार कपॅसिटर बदलले, आणि फाइल उघडली. लेखकाने स्वतः तपासलेला मजकूर तिच्यात जसाच्या तसा होता. त्या नव्या आवृत्तीच्या ऋणनिर्देशात कारागिराचे नाव नाही. पाठचिकित्सेचे जे काम विद्यापीठात सन्मानाने होते त्याचा पहिला टप्पा येथे डागण्याच्या पेनाने पार पडला होता.

मोडीचे स्मरण येथे अपरिहार्य आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास मोडी शासकीय व्यवहारातून गेली आणि पुण्याच्या पेशवे दफ्तरापासून घराघरांतील रुमालांपर्यंत पसरलेले कागद मोजक्या जाणकारांच्या स्वाधीन झाले. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाची साधने प्रसिद्ध केली, १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, आणि दप्तरांच्या शोधाला प्रतिष्ठा आली. जुन्या फाँटमधील फाइल हीदेखील एका अर्थी लिपी हरवलेली दप्तरेच होत. मात्र एक भेद विसरता येत नाही. मोडीचा कागद माळ्यावर शंभर वर्षे दुर्लक्षित पडला तरी वाळवी आणि ओल यांच्यापासून वाचल्यास वाचता येतो. हार्ड डिस्कला असे निवांत दुर्लक्ष सोसत नाही. फ्लॉपीवरचे चुंबकीय ठसे काही दशकांत विरतात, आणि १.४४ मेगाबाइटच्या फ्लॉपीचा एक प्रमुख निर्माता असलेल्या सोनीनेही २०११ मध्ये तिची विक्री थांबवली. राजवाड्यांना जेवढा अवधी मिळाला तेवढा या दप्तरांच्या शोधकाला मिळणार नाही.

पाश्चात्त्य विद्यापीठांनी हा प्रश्न ओळखला आहे. मुंबईत जन्मलेल्या सलमान रश्दी यांची कागदपत्रे अमेरिकेतील एमरी विद्यापीठाने २००६ मध्ये घेतली, तेव्हा त्यांत त्यांचे जुने ॲपल संगणकही होते. २०१० मध्ये तो संग्रह खुला झाला, त्या वेळी त्यांतील एका मॅकिंटॉशचे संपूर्ण वातावरण नव्या यंत्रावर पुन्हा उभे करून अभ्यासकांना उपलब्ध करून दिले गेले. मॅथ्यू किर्शेनबाम यांनी २००८ मधील आपल्या 'मेकॅनिझम्स' या ग्रंथात डिजिटल संहितेचे भौतिक अस्तित्व हा समीक्षेचा विषय म्हणून मांडला. आपल्याकडे लेखकाचा संगणक बहुधा नातवाच्या खेळण्यात किंवा भंगारात जातो, आणि मुद्रकाच्या संगणकाला तर लेखकाच्या संगणकाएवढेही मोल नसते.

कोणी म्हणेल, जुन्या फाँटमधील मजकूर युनिकोडमध्ये आणणारी साधने आहेत. मग यंत्राचा आग्रह कशाला? साधने आहेत आणि ती उपयुक्तही आहेत. पण त्यांच्या मर्यादा मराठीच्या अगदी वर्मावर येतात. जुन्या फाँटमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी साठवली जाई, युनिकोडमध्ये ती नंतर येते. रफाराचे याच्या उलट. हा क्रम बदलताना चूक झाली की शब्द मोडतो, आणि मोडलेला शब्द निदान दिसतो तरी. अर्धचंद्राकृती 'र'चा साधा रफार झाला तर चूक दिसतही नाही: 'दऱ्या'चा 'दर्या' होतो, 'आचाऱ्यास' दिलेली दक्षिणा 'आचार्यास' पोचते. 'ॲ' या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान २००८ मध्ये मिळाले. त्यापूर्वीच्या रूपांतरांत ते दोन तुकड्यांत आहे आणि शोधताना सापडत नाही. अशा वेळी रूपांतरित मजकूर कशाशी ताडून पाहायचा? मूळ फाइल मूळ फाँटमध्ये जशी दिसत होती तिच्याशी. म्हणजे रूपांतराचे साधन जितके वाढेल तितकी जुन्या यंत्राची गरज काही काळ तरी अधिक भासेल.

'काही काळ' हे शब्द आम्ही जाणीवपूर्वक वापरले आहेत. जुना संगणक हा तारणहार नव्हे. त्याचे सुटे भाग संपत आहेत, कारागीर वृद्ध होत आहेत, आणि त्यांच्या मुलांनी हा धंदा करावा असे त्यांनाच वाटत नाही. केंद्र शासनाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासंबंधी संकेतस्थळ सुरू केले आणि त्याच वर्षी ई-कचऱ्याचे नवे नियम जाहीर केले. वस्तूचे आयुष्य वाढवण्याचा विचार त्यांत आहे. वस्तूच्या पोटातील संहितेचा विचार करणे हे मात्र भाषेच्या माणसांचे काम आहे.

मराठी विभागांना ते करता येण्यासारखे आहे. आपल्या गावातील अक्षरजुळणीच्या दुकानांची पाहणी हा एम.ए.च्या लघुप्रबंधाचा विषय होऊ शकतो. कोणत्या वर्षीची कोणती पुस्तके तेथे जुळली, फाँट कोणता, त्याची आवृत्ती कोणती, पृष्ठरचना कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये झाली, फाइल आज उघडते का, एवढी नोंद झाली तरी पुढील संपादकाचे निम्मे श्रम वाचतील. यंत्र चालू आहे तोवर संपूर्ण डिस्कची प्रत काढून ठेवणे आणि प्रत्येक पुस्तकाची पाने चित्ररूपात जतन करणे हे त्यापुढचे पाऊल. आणि ज्याने ते यंत्र चालू ठेवले त्याचे नाव, त्याच्या संमतीने, नोंदीत यावे. हस्तलिखिताच्या पुष्पिकेत नकलकार आपले नाव आणि तिथी लिहीत असे. त्या परंपरेतील माणसाची जागा आपण रिकामी ठेवली आहे. ती भरण्यास फार खर्च येत नाही, मात्र दुकानापर्यंत चालत जावे लागते.